तिसऱ्या तासाचा उजेड

"तुमच्या शाळेत एकच मुलगी शिकते का रे?" असं ताईने विचारलं आणि गणिताच्या सरांचा कप ओठांशी जाता जाता मध्येच थबकला. ताईला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. रविवारची दुपार होती, दुखरा पाय स्टुलावर टाकून ती खिडकीशी बसली होती आणि मोबाइल जवळजवळ नाकाला टेकवून शाळेचं पान बघत होती. शाळेच्या पानाला तिच्याइतका निष्ठावान वाचक दुसरा नव्हता. जे येईल त्याला ती लाल बदाम द्यायची. टाकी धुवायची असल्यामुळे पाणी येणार नाही, या सूचनेला तिने बदाम दिला होता. म्हातारा शिपाई गेल्याची बातमी आली, तर तिलाही दिला, आणि सरांनी कपाळावर हात मारला तेव्हा म्हणाली होती, "मग काय झालं? चांगला माणूस होता तो." सर तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण थकव्यात थोरले. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, कोणती मुलगी? ताईने मोबाइल त्यांच्याकडे फिरवला. सूक्ष्मदर्शकावर वाकून हसणारी मुलगी. बोटाने तिने पान वर सरकवलं. झारीने रोपांना पाणी घालणारी तीच मुलगी. पुन्हा सरकवलं. प्रथमोपचाराच्या वर्गात हाताला बँडेज बांधून घेणारी, आणि त्याच्याच खालच्या फोटोत दुसऱ्या कुणाला तरी बँडेज बांधणारीही तीच. "म्हणजे अपघातही हिचा आणि डॉक्टरही ही," ताई म्हणाली, आणि दोन्ही फोटोंना बदाम देऊन मोकळी झाली.

सरांना ती मुलगी माहीत होती. शाळेत सगळ्यांनाच माहीत होती. तिला हसरी म्हणत. नववीच्या वर्गातली, दाराजवळच्या बाकाच्या अगदी कडेला बसणारी. पण इतकी वर्षं तिला बघूनही ताईला जे एका दुपारी दिसलं ते आपल्याला दिसलं नाही, याचा त्यांच्या मनावर एक बारीकसा ओरखडा उठला. खिशात हात घालावा आणि आतली टाचणी बोटाला लागावी, तसा. रक्त येत नाही, पण माणूस हात बाहेर काढून बघत बसतो.

खरं तर शाळेच्या पानाशी सरांचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. रस्त्यापलीकडे नवी शाळा निघाली होती. तिच्या इमारतीला इतक्या काचा होत्या की उन्हाळ्यात समोरच्या झाडांवरचे पक्षी चष्मा लावून बसतात असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत. त्या शाळेच्या पानामागे माणसं मुंग्यांसारखी लागली होती आणि आपल्या पानावर जुनेच माजी विद्यार्थी आणि सरांची ताई. मुख्याध्यापिका बाईंनी सभा बोलावली. आपलं पान कुणीतरी बारकाईने तपासायला हवं, काय चालतं आणि काय चालत नाही ते शोधायला हवं, सुधारायला हवं, असं त्या म्हणाल्या. सगळे आपापली नखं न्याहाळू लागले. सरांना नखं न्याहाळायला थोडा उशीर झाला, एवढंच. "आकडे तुमचे, सर," बाई म्हणाल्या, आणि खोलीभर सुटकेचा असा सुस्कारा सुटला की पंख्याला जोर आल्यासारखं वाटलं. निवृत्ती कोपऱ्यावर आलेल्या माणसाला नाही म्हणायला जी ताकद लागते तीच नेमकी उरलेली नसते. सर हो म्हणाले. अलीकडे ते बऱ्याच गोष्टींना हो म्हणत, कारण हो म्हटलं की माणसं समोरून लवकर जातात.

तर त्या रविवारी ते पान तपासायला बसले. जेवणाच्या टेबलावर ताट सरकवून त्यांनी जुना लॅपटॉप उघडला. तो सुरू होताना असा कण्हायचा की ताई आतल्या खोलीतून विचारायची, काय रे, बरं वाटत नाही का. एकेक करून ते मागे मागे जात राहिले. आकड्यांचा उलगडा फार सोपा निघाला. हसरी असलेल्या फोटोला माणसं थांबत, नसलेल्या फोटोवरून पुढे सरकत. पाहुण्यांच्या सत्काराचा फोटो, मुख्याध्यापिका बाई फीत कापतानाचा फोटो, संमेलनाचा रांगेतला फोटो, हे सगळे उन्हात वाळत घातलेल्या पायपुसण्यांसारखे नुसते पडून होते. मध्येच हसरी आली की पान जागं व्हायचं. ग्रंथालयात ती पुस्तक उलटं धरून वाचत होती, तरी लोकांनी बदामांचा सडा घातला होता. तिचं हसू होतंच तसं. बाकीची मुलं कॅमेरा बघितला की डोळे मिटत, जीभ काढत, शेजाऱ्याच्या डोक्यामागे शिंगं उभारत. ही मात्र जणू कुणी बटण दाबावं तशी उजळायची आणि फोटो निघेपर्यंत तशीच राहायची. संगणकाचे सर सांगत की हिच्यासमोर कॅमेरा नुसता टेबलावर ठेवला तरी आपोआप टिपतो. संगणकाचे सर तरुण होते, पान तेच सांभाळत, आणि कुठलाही उपक्रम असो, त्यांचा निरोप ठरलेला. हसरीला पाठवा.

सर बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्यावरून ढळून मागच्या भिंतीवर गेलं. सुंदर चेहऱ्याकडे फार वेळ बघता न येणं ही त्यांची जुनी खोड; लग्न न जमण्याचं कारण ताई हेच सांगायची. भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली पडली होती. तिरकी, जमिनीशी एक ठरावीक कोन करणारी. ग्रंथालयाच्या भिंतीवर तीच. प्रयोगशाळेच्या ओट्यावर तीच. बागेत झारीची सावलीही त्याच बाजूला, तेवढ्याच लांबीची. कोनाशी आयुष्य काढलेल्या माणसाचा डोळा अशा ठिकाणी चुकत नाही. हे सगळे फोटो दिवसाच्या एकाच वेळी काढलेले होते. त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. ही सावली त्यांच्या ओळखीची होती. नववीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या कडेला ती यायची आणि समीकरणाच्या बरोबरचिन्हावर आडवी पडायची; रोज तिच्यामुळे त्यांना दोन पावलं सरकून उभं राहावं लागायचं. तिसरा तास. नववीला तिसरा तास गणिताचा. मागल्या वर्षी हीच मुलं आठवीत असतानाही गणिताचा तास तिसराच होता, आणि त्याच्या मागल्या वर्षीही, कारण वेळापत्रक दरवर्षी जुन्यावरून उतरवलं जायचं आणि त्यात डोकं घालायला कुणाला वेळ नव्हता.

मग त्यांना दार दिसू लागलं. वर्ग चालू आहे, पाठ अर्ध्यावर आली आहे, आणि दारात कुणाचं तरी डोकं डोकावतं. सर, जरा हसरीला. आणि आपली मान हलते. शब्दही नाही, नुसती मान, डास उडवावा तेवढी. ती उठते, कडेलाच बसलेली असल्यामुळे कुणाला त्रास न होता निघून जाते. पुढे पाठ चालू. हजेरीत ती हजर असते, बाकावर नसते. आणि सगळ्यांत कहर म्हणजे पानावर सर्वांत गाजलेला फोटो: हसरी फळ्याशी उभी, हातात खडू, मागे पूर्ण सोडवलेलं समीकरण, वर मोठ्या अक्षरांत "गणित सोपं आहे!" समीकरणाचं अक्षर सरांचं होतं. संगणकाचे सर म्हणाले म्हणून त्यांनीच लिहून दिलं होतं आणि शेवटच्या ओळीखालची रेघ तेवढी तिच्याकडून मारून घेतली होती. ती रेघही वाकडी गेली होती.

टेबलावर कोपर ठेवून ते बसून राहिले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. त्यांना त्यांच्या आईच्या बाहेरच्या खोलीतला वेताचा सोफा आठवला, त्याचे मांडीला रुतणारे वळ. पाहुणे आले की आई हाक मारायची आणि ते येऊन एकोणतीसचा पाढा म्हणायचे. एकोणतीसचाच, कारण तो भारदस्त वाटायचा. डोळे मिटून, एका दमात, उतारावरून सायकल सोडावी तसा. पाहुणे माना डोलवत, आई बशीतलं बिस्कीट पुढे करी. एकदा एका काकांनी पाढा संपल्यावर सहज विचारलं, एकोणतीस साते किती रे? आणि त्यांच्या पायाखालची जमीनच गेली. पाढा त्यांना येत होता, पण तो एका तोंडाने आत शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडायचा बोगदा होता. मध्येच उतरायला स्टेशन नव्हतं. ते एकपासून मनात धावत सुटले. आईने हसून विषय बदलला, बिस्कीट दिलं. त्या बिस्किटाची ओलसर चव जिभेवर तशीच होती आणि सात येईपर्यंत काकांचं लक्ष दुसरीकडे गेलंही होतं. सरांना वाटलं, आपण पुढे गणिताचे झालो ते बहुधा त्या एका उत्तरासाठी. पण हे असं वाटणंही किती सोयीचं. थकलेल्या माणसाला आपल्या आयुष्याची कारणं फार लवकर सापडतात.

गोष्ट इथेच थांबली असती, तर सरांनी लॅपटॉप मिटला असता. पण सहामाही निकाल लागून आठवडा झाला होता आणि त्यात गणितात नापास झालेल्यांच्या पालकांना बोलावून मुलं दुसऱ्या शाळेत घालायचा सल्ला द्यायचा, असं बाईंनी ठरवलं होतं. ही मुलं पुढच्या वर्षी दहावीला गेली की निकाल शंभर टक्के लागायला हवा, म्हणजे तो पानावर टाकता येईल. हसरीचा पेपर सरांनीच तपासला होता. एकही गणित धड नव्हतं, पण अक्षर नेटकं आणि प्रत्येक उत्तराखाली पट्टीने मारलेली रेघ. म्हणजे शाळेच्या पानावर जिचा चेहरा झळकतो, तिला शाळा दारातून बाहेर घालवणार होती, आणि तेही शाळेने तिला रोज तासातून उठवून नेलं म्हणून. हे अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारण बाईंना हसरी माहीत होती आणि नापासांच्या यादीत तिचं हजेरीपटावरचं नाव होतं.

सोमवारी बाईंच्या खोलीत सर आणि संगणकाचे सर असे दोघं बसले. बाईंची खुर्ची इतकी उंच पाठीची होती की तिच्यात बसलेली कुणीही व्यक्ती दूरच्या देशाची राजदूत वाटावी. सरांनी आकडे सांगितले. बाई खूश झाल्या. एकाच मुलीवर पान चालतंय म्हणताय ना, मग फाटकावर तिचाच मोठा फलक लावू, असं त्या म्हणाल्या. संगणकाच्या सरांनी फलकाची मापंही सांगायला सुरुवात केली.

"ती गणितात नापास आहे," सर म्हणाले.

बाईंनी नाव विचारलं, सरांनी सांगितलं, बाईंनी ते यादीत शोधलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. समोरच्या काचांनी त्यांची झोप उडवली होती, इतकंच.

"मग पास करा तिला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याच हातात आहे ना, सर?"

हातात होतंच. सरांना एकदम हलकं वाटलं. पेनाची एक फिरकी आणि सगळं जागच्या जागी: हसरी शाळेत, फलक फाटकावर, बाई समाधानी, आपण घरी. किती वर्षांत कुणी त्यांना इतकी सोपी गोष्ट करायला सांगितली नव्हती. हो म्हणायला त्यांचं तोंड उघडलंही. आणि त्या उघड्या तोंडातून वेगळंच वाक्य बाहेर पडलं, जशी किल्ली आपल्या कुलपाला लावावी आणि उघडावं शेजाऱ्याचं दार. "तिसऱ्या तासाला तिला न्यायचं नाही," ते म्हणाले. "तिलाच काय, कुणालाच."

संगणकाच्या सरांनी जीव तोडून समजावलं. बाकीच्या वेळी चालत नाही, सर. पहिल्या तासाला धुकं असतं, पाचव्याला सूर्य टाकीच्या मागे जातो आणि मुलं काळवंडून निघतात. उजेड काय तो तिसऱ्यालाच. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि त्यात काडीचा दुष्टपणा नव्हता. म्हणूनच सरांना ते ऐकताना जास्त दमायला झालं. दुष्ट माणसाशी भांडताना निदान अंगात ऊब येते. शेवटी बाईंनी तोडगा काढला. सुट्टीनंतर फेरपरीक्षा घ्या. पास झाली तर फलक. नाही झाली तर बाकीच्यांसारखाच तिलाही दाखला. "तुम्ही मागितलंत म्हणून देतेय," त्या म्हणाल्या. "पण मार्क द्यायचे नाहीत मग. मिळवू द्या तिलाच." सर उठले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, मुलगी सुखाने पास होत होती, आपणच तिला नापास व्हायची संधी मिळवून दिली आहे.

घरी ताईने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "तू आपणहून काम ओढवून घेतलंस?" ती म्हणाली. "ताप तर नाहीये."

तिसऱ्या तासाला दारातून येणारी डोकी बंद झाली. हसरी बाकाच्या कडेला बसून दाराकडे बघत राही. पहिले काही दिवस तिने वाट बघितली. मग एकदा तास संपल्यावर टेबलाशी येऊन तिने विचारलं, तिचं काही चुकलं का. सर म्हणाले, नाही, अभ्यास मागे पडलाय म्हणून. ती हसली. त्या हसण्यात इतका उजेड होता की सरांना क्षणभर वाटलं, हिला समजलं.

"तिथे मला सगळं येतं, सर," ती म्हणाली. "इथे मला काहीच येत नाही. तर मला इथेच का बसवता?"

दुपारभर ते वाक्य सरांच्या मागे मागे फिरलं. तिथे म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या आत काहीच न बघता वाकणं, उलटं पुस्तक धरणं, आणि ते सगळ्यांना आवडणं. ते येणंही एक येणंच होतं. ते तिच्याकडून काढून घेऊन आपण तिला काय देणार होतो? व्यवहारी अपूर्णांक. लांबचा रस्ता धरून ते घरी गेले. एका दुकानाच्या काचेत त्यांना आपला चेहरा दिसला. कुणी सांगितलं असतं की हा माणूस गेली अनेक वर्षं आनंदाने शिकवतो, तर काच स्वतःच तडकली असती.

पान सुकत चाललं. संगणकाचे सर पाचव्या तासाच्या काळवंडल्या मुलांचे फोटो टाकत, कधी नुसत्या नळाचा, एकदा तर कंटाळून रिकाम्या कॉरिडॉरचा. फक्त ताईचा बदाम पडायचा. बाई वाटेत भेटल्या की पानाबद्दल विचारत नसत, हवेबद्दल विचारत, आणि ते जास्त लागायचं. सुट्टी आली आणि गेली. सर तिसऱ्या तासाला वर्गाला गणितं घालून द्यायचे आणि तेवढ्या वेळात हसरीच्या वहीशी थांबायचे. तिला काही विचारलं की ती हसायची. किती झाले? हसू. समजलं? हसू. ते हसू इतकं पुरेसं असायचं की पुढच्या प्रश्नाची गरजच भासू नये. आणि सरांना उमगत गेलं, की शाळेतल्या प्रत्येकाने याच ठिकाणी तिला सोडून दिलेलं आहे. कॅमेरा नसतानाही. कुणी प्रश्न विचारला, ती हसली, आणि विचारणारा निश्चिंत मनाने पुढच्या बाकाकडे वळला. ते स्वतःही असेच वळले असणार. कधी, ते आठवत नव्हतं, आणि न आठवण्याइतक्या वेळा, एवढं मात्र नक्की.

फेरपरीक्षा तोंडावर आलेल्या एका सकाळी वर्ग खाली माना घालून लिहीत होता. सरांचे गुडघे भरून आले होते, म्हणून ते हसरीच्या बाकावर बसले. ती आत सरकली. अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज तिच्यासमोर होती. तिने वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, दोन पंचमांश लिहिलं, पट्टी घेऊन खाली रेघ मारली आणि सरांकडे बघून हसली. लाल पेन सरांच्या हातात उघडंच होतं. वरून खाली एक काट मारायची, शेजारी बरोबर रीत लिहून द्यायची, पुढे जायचं. इतकी वर्षं हात हेच करत आला होता आणि आत्ताही तो आपणहून वहीकडे निघाला होता. त्यांनी तो मांडीवर ठेवला. तसाच ठेवायलाही कष्ट पडले.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

ती हसली. सर उठले नाहीत. ती थोडं जास्त हसली. फोटो नीट आला नाही असं वाटलं की करायची तसं. सर बसून राहिले, तिच्याकडे न बघता, वहीकडे बघत. फळ्यावर सावली बरोबरचिन्हावर आली आणि हळूहळू पलीकडे गेली. त्या हसण्याला आता जायला जागा उरली नव्हती. ते गालांवर काही वेळ तसंच राहिलं, माणसं निघून गेल्यावरही खोलीतला दिवा चालू राहावा तसं, आणि मग कुणी न मालवताच गेलं. खालून जो चेहरा निघाला तो सरांनी कधी पाहिला नव्हता, कुठल्याच फोटोत तो नव्हता. साधा होता. भुवया जवळ आलेल्या, खालचा ओठ दातात धरलेला, वयाने थोडा मोठा. ती दोन पंचमांशाकडे बघत होती. मग अर्ध्याकडे. मग पुन्हा खाली. तिचं बोट कागदावरून मागे-पुढे सरकलं.

फेरपरीक्षेत ती पास होईल की नाही, हे सरांना त्या क्षणी कुणी विचारलं असतं, तर त्यांना सांगता आलं नसतं.

"पण सर," ती हळूच म्हणाली, रागावल्यासारखी, "पाचातले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्यात अजून घातलं, तर ते कमी कसं झालं?"

सरांनी पेनाला टोपण लावलं. "बघ बरं," ते म्हणाले, आणि तिने पट्टीने मारलेली रेघ स्वतःच्या हाताने खोडायला घेतली, इतक्या जोरात की कागद फाटला.